नंबर मिळणार नाही, निरोप सांगा

रक्तदात्यांच्या मंडळात काम केलं की अंगातलं रक्त वाढतं की नाही ते डॉक्टरांना विचारा, किस्से मात्र भरपूर वाढतात. आणि रक्तासारखे ते फ्रीजमध्येही ठेवावे लागत नाहीत! मी उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते आणि उरलेला वेळ आमच्या मुळशीतल्या मंडळाला देते. कुणाला रक्त लागलं की त्या गटाचा दाता शोधून रक्तपेढीत पाठवायचा, एवढंच आमचं काम.

ऑफिस म्हणजे पौडच्या बाजारपेठेतलं शमीमताईंचं शिवणकामाचं दुकान. मंडळाचा फोन त्यांच्या मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांशेजारी असतो. अध्यक्ष आमचे नाना. डेअरीतून निवृत्त झाले, पण आवाज अजून दुधाचे कॅन उतरवतानाचाच आहे. चौथा निखिल. तो हिंजवडीत आयटीत आहे, त्यामुळे निम्मं मराठी बोलतो आणि उरलेलं आम्ही समजून घेतो. आम्हा चौघांचे किस्से सांगायला बसले तर आठवडा जाईल. आज फक्त वेबसाइटचे सांगते.

*

वेबसाइटची हौस नानांची. शेजारच्या तालुक्यातल्या मंडळाची आहे म्हटल्यावर आपली हवीच! निखिलनं विचारलं की दात्यांची किती माहिती टाकायची. नाना म्हणाले, सगळी. नाव, गाव, रक्तगट, फोन नंबर, जन्मतारीख, काही सोडायचं नाही.

"लपवायचं काय त्यात? आपन काय चोरी करतोय व्हय?"

उद्घाटनाला लॅपटॉपसमोर नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर उडालं, निखिलचा चेहरा पडला, पण वेबसाइट सुरू झाली. पहिलं नाव अर्थात नानांचं.

दुसऱ्या दिवसापासून नानांचा फोन थांबेना. कुणी विमा विकत होतं, कुणी कर्ज देत होतं, कुणी लवासाच्या बाजूला तलावाकाठी बंगला घ्या म्हणत होतं. नाना सगळ्यांशी प्रेमानं बोलत होते. आपण एकदम मोठे झालो असंच त्यांना वाटत होतं. मग एका विवाह मंडळाचा फोन आला. तुमच्या वयाला शोभेल असं स्थळ आहे म्हणाले. तो फोन नानांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी उचलला.

नाना सकाळी दुकानात आले ते न जेवता आले असावेत. शमीमताईंनी पाणी दिलं, ते प्यायले आणि म्हणाले, "ती बाई बंद करा आदी."

बाई कोण, असं आम्ही विचारलं. तर वेबसाइट!

*

आम्ही हसत होतो, तेवढ्यात कविताचा फोन आला आणि हसणं थांबलं.

कविता लवळ्याला एका कॉलेजच्या हॉस्टेलची मेस सांभाळते. ओ निगेटिव्ह, म्हणजे आमच्यासाठी सोनं. तिचा काडीमोड झाला आहे. पण नवरा ती जिथं नोकरीला लागेल तिथं पत्ता काढत जायचा आणि दारात तमाशा करायचा. त्यापायी तिच्या आधीच्या नोकऱ्या गेल्या. लवळ्याचा पत्ता मात्र त्याला लागला नव्हता. आणि आम्ही तिचं नाव, गाव, नंबर, सगळं नारळ फोडून जगासमोर मांडलं होतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "ताई, मला ही नोकरी टिकवायची आहे," एवढंच म्हणाली. तो आलाच तर ओळखता यावा म्हणून त्याचं नाव, गाव सांगितलं आणि फोन ठेवला.

मला माझीच लाज वाटली. मी फोन केल्यावर निखिल ऑफिसच्या मीटिंगमधून उठला, "फॅमिली इमर्जन्सी आहे" म्हणून साहेबाला सांगितलं आणि जिन्यात बसून वेबसाइट बंद केली. खोटं बोललास, असं मी त्याला अजून म्हटलेलं नाही.

बैल गेल्यावर झोपा करायची आपल्याकडची रीत. पण आमचा बैल दारातच होता, सापडला!

*

वेबसाइट बंद झाली तरी त्या यादीचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये गेले होते. मग आमची मोहीम सुरू झाली. प्रत्येक कार्यकर्त्यानं दुकानात यायचं, शमीमताईंसमोर फोटो काढून टाकायचा आणि मगच चहा प्यायचा. चहाच्या आशेनं माणसं भराभर आली.

राहिले नाना. त्यांचा फोन तपासला तर स्वच्छ. नाना मात्र चुळबुळ करत होते. शेवटी कळलं की त्यांनी यादीचा मोठा प्रिंट काढून, त्याला लॅमिनेशन करून, डेअरीच्या भिंतीवर लावला होता. दूध घालायला येणारा प्रत्येक जण तो कौतुकानं वाचत होता.

"ह्ये कसं डिलीट करायचं?" नानांनी विचारलं.

शमीमताईंनी कापड बेतायची मोठी कात्री त्यांच्या हातात दिली. अध्यक्षांनी आमच्यासमोर ती यादी स्वतः कातरली, कविताच्या नावापासून सुरुवात करून.

*

मग बैठक बसली. वेबसाइट पुन्हा सुरू करायची की नाही? नानांचं म्हणणं पडलं की नंबर दिले नाहीत तर लोकांना रक्त मिळणार कसं. निखिल म्हणाला की लॉगिन देऊ, पासवर्ड देऊ, ओटीपी पाठवू. वाद वाढला, चहा दोनदा झाला.

शमीमताई ब्लाउजला हुक लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्याकडे अर्ध्या पौडची मापं आहेत. सासू येऊन सुनेचं माप विचारते, नणंद येऊन भावजयीचं. मी म्हणते, कापड द्या, शिवून देते. माप नाही सांगत. कुणाचं अडलंय का आजवर?"

कुणाचंच अडलं नव्हतं. आमच्या काकूही तिथंच शिवून घेतात, त्यामुळे नाना जास्त बोलले नाहीत.

तेव्हापासून मंडळाचा तोच नियम झाला. नंबर कुणाचाच द्यायचा नाही. निरोप सांगा, आम्ही पोचवतो. उलट निरोप आला तर तोही पोचवतो. रक्त मागणाऱ्याला दात्याचं नाव नाही आणि दात्याला रुग्णाचं नाव नाही.

*

नव्या वेबसाइटवर प्रायव्हसी पॉलिसी हवी, असं निखिल म्हणाला. पुढच्या रविवारी ती लागलीही. भली मोठी, इंग्रजीत. आम्ही कौतुक केलं. मी कारखान्यात माल उतरवून घेताना चलनावरचं बारीक अक्षर वाचते, त्या सवयीनं हीसुद्धा वाचायला घेतली. सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं की पाळीव प्राण्यांना खोलीत परवानगी नाही. त्याखाली, सकाळी अकरापर्यंत चेक-आउट करावं!

निखिलनं कुठल्याशा हॉटेलची पॉलिसी उचलून नाव तेवढं बदललं होतं. "ताई, पॉलिसी कोणीच रीड करत नाही," असं त्याचं म्हणणं.

मग शमीमताईंनी सांगितलं आणि मी लिहिलं: तुमचं नाव, नंबर आणि रक्तगट आमच्याकडे राहील. ते रक्तासाठीच वापरू. कुणाला देणार नाही. काढून टाका म्हणालात तर त्याच दिवशी काढून टाकू. झाली पॉलिसी!

निखिल कुरकुरला, इतकी छोटी नसते म्हणाला. नानांनी त्याला विचारलं, "वाचून झाली का?" हो म्हणाला. "मंग बास की."

*

नियमाची परीक्षा दिवाळीत झाली. निवडणुकीला उभं राहायची तयारी करणारे एक भाऊ मिठाई घेऊन दुकानात आले. नात्यानं नानांच्या भावकीतले. दात्यांना शुभेच्छा द्यायच्यात, सगळ्यांचे नंबर द्या म्हणाले. भावकी म्हटल्यावर मला वाटलं, नाना आता विरघळतात!

नाना म्हणाले, "नंबर न्हाई मिळायचा. शुभेच्छा सांगा, आमी पोचवतो."

भाऊंना हसावं की रागवावं कळेना. शेवटी त्यांनी शुभेच्छा सांगितल्या आणि आम्ही त्या इमानानं पोचवल्या. आठवडाभरात उलट निरोप आले. तेही आम्ही तितक्याच इमानानं भाऊंना वाचून दाखवले. बहुतेकांनी दिवाळीच्या शुभेच्छा देऊन विचारलं होतं की आमच्याकडचा रस्ता कधी होणार. एका वाडीवरच्या आजोबांनी, मागच्या वेळचे खड्डे तरी बुजवा, असं कळवलं होतं. भाऊ मिठाईचा बॉक्स परत न्यायचं मात्र विसरले, तो आम्ही खाल्ला.

*

आता हा शेवटचा.

माझी साप्ताहिक सुट्टी होती, म्हणून मी दुकानातच होते. नानाही होते. एक माणूस दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आला. आईचं ऑपरेशन आहे, ओ निगेटिव्ह रक्त लागणार आहे, कुठंच मिळत नाही म्हणाला. घामाघूम झाला होता. शमीमताईंनी चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे सरकवली. आडनाव आणि गाव वाचून मी नानांकडे पाहिलं. कविताचा नवरा!

तो तिला शोधायला आला नव्हता. ती आमच्या मंडळात आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. त्याची आई खरंच अत्यवस्थ होती.

ओ निगेटिव्हवाले आमच्याकडे मोजकेच. त्यातला एक कोकणात गेला होता आणि एकाला ताप होता. चिठ्ठीवाल्याला दवाखान्यात थांबायला सांगून आम्ही परत पाठवलं. नेहमीचा निरोप सगळ्या ओ निगेटिव्ह दात्यांना आपोआप जातो, तसा कविताला गेलाच होता. तिचा फोन आला.

"ताई, मी येऊ का?"

"तू राहू दे," शमीमताई म्हणाल्या. "आम्ही पुण्यातून बघतो."

"का?"

शमीमताई गप्प. रुग्णाचं नाव सांगायचं नाही, हाही आमचाच नियम.

मग कविता म्हणाली, "माझ्या सासूबाईंचा गटही हाच आहे."

शमीमताईंनी तरी तोंड उघडलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. मेसचं जेवण उरकते आणि रक्तपेढीत जाते."

"नातेवाईक दवाखान्यात थांबलेत," शमीमताई तेवढंच बोलल्या.

तिनं रक्त दिलं. ऑपरेशन पार पडलं, म्हातारी वाचली. आठवड्यानं तो पेढे घेऊन दुकानात आला. कुणी रक्त दिलं, नाव तरी सांगा, पाया पडायचंय म्हणाला. नानांनी त्याला खुर्ची दिली, पेढा खाल्ला आणि नाव काही सांगितलं नाही. मग त्यानं निरोप सांगितला, "त्यांना म्हनावं, तुमच्यामुळं माजी आई हाय."

शमीमताईंनी दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन फोन लावला. मी त्यांच्याबरोबर होते. कवितानं निरोप ऐकला आणि उलट निरोप सांगितला. तो ऐकून शमीमताई म्हणाल्या, "अगं, हे सांगितलं तर त्याला कळेल."

"कळू दे," कविता म्हणाली. "नंबर तुमच्याकडेच राहू दे. पण एवढं माझं मी सांगतेय."

उलट निरोप पोचवायचा, असा नियमच आहे. शमीमताई बाहेर आल्या, मशीनसमोर बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "त्यांनी सांगितलंय, आईंना दवाखान्यातला साखरेचा चहा देऊ नका. त्या तसाच ठेवून देतात, मागत नाहीत. घरून गुळाचा नेत जा."

तो उभा राहिला, परत बसला. हातातला पेढ्यांचा बॉक्स त्यानं मशीनवर ठेवला. नाना खुर्चीतून थोडे पुढे सरकले होते, आता हा नंबर मागणार म्हणून.

तो म्हणाला, "गूळ किती घालायचा, तेवढं इचाराल का?"