बिनकुशळ हाताचं काम

सुरतेच्या जुन्या भागात एका व्यापाऱ्याने चित्रांसाठी बांधलेलं घर आहे. माणसं त्यात उरलीसुरली जागा घेऊन राहिली. स्वयंपाकघरात दोन बायका उभ्या राहिल्या तर तिसरीने बाहेर थांबावं, वरच्या मजल्यावरचा चित्रांचा दिवाणखाना मात्र लग्नाची पंगत बसेल एवढा. त्याला एकही खिडकी नाही, कारण भिंती चित्रं टांगायला हव्या होत्या. उजेड वरून यायचा, छताच्या उत्तर उतारावर बसवलेल्या काचांतून. त्या बाजूने ऊन थेट येत नाही, म्हणून रंग उडत नाहीत. बांधणाऱ्याने आपली सगळी अक्कल वरच्या मजल्यावरच खर्च केली.

हे घर आमच्या ऑफिसकडे दुरुस्तीच्या अहवालासाठी आलं. मोजमापं मी घेतली. दिवाणखान्यात भर दुपारी टॉर्च लावावा लागला, कारण कोणीतरी काचांवर बाहेरून जाळी अंथरून त्या सिमेंटने लिंपून टाकल्या होत्या. मला चीड आली. गुजराती अहवालात मी फोटोखाली लिहिलं, 'नंतरचं काम, बिनकुशळ हाताचं, काढून टाकावं.' ते लिहिताना बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

अहवाल पाठवला आणि एक प्रत सुरतेतच नवागामला आमच्या घरी आणली. आबा, म्हणजे माझे वडील, खानदेशातून इथे येऊन गवंडी झालेले. जित्याची खोड, कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत ठोकून बघतात, मग पाणी पितात. फोटो चाळताना ते थांबले.

"हाई तर मन्हं काम शे."

त्या जुन्या घराच्या मालकिणीने त्यांना बोलावलं होतं. पावसाचं पाणी चित्रांवर गळत होतं. "बाई बोलनी, पाणी थांबाड. मी थांबाडं."

खोलीत कुठेच ओल नव्हती, हे मी मोजताना पाहिलं होतं. का नव्हती, हा प्रश्न मला पडला नव्हता.

खाली काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. त्यांना गुजराती वाचता येत नाही. "नंतरनं काम शे, आस लिखेल शे," मी म्हणाले. त्यांचं बोट पुढे सरकलं आणि एका शब्दावर थांबलं. तो शब्द त्यांना वाचता येतो. सुरतेत आल्यावर कित्येक वर्षं हजेरीपत्रकात त्यांचं नाव त्याच शब्दाखाली असायचं.

"बिनकुशळ," त्यांनी सावकाश वाचलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शब्द बदलते, असं मी म्हणाले, पण अहवाल पोचला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी प्रत मिटून माझ्या हातात दिली. "सिमेंट फोडाले मालेच बलाव. दुसरा काचा फोडी टाकतीन."

काम सुरू झालं त्या सकाळी ते स्वतःची छिन्नी घेऊन आले. हजेरी मी घेत होते. पत्रकात दोन रकाने होते, कुशळ आणि बिनकुशळ. इतर मजुरांच्या रांगेतून पुढे येऊन ते टेबलासमोर उभे राहिले.

"मन्हं नाव कोनता खानामा लिखशी?"

मी पहिल्या रकान्यात लिहिलं. नाव पुरं होईपर्यंत ते वाकून बघत होते. माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.