बॅग पाठीवरच ठेवा

सातपुड्यात मुक्कामी भटकायचं तर शहाद्याच्या जंगलखात्यातल्या एका बाबूकडून परवाना घ्यावा लागतो. मी लोणखेड्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. नकाशे मला कळतात, असा माझा समज.

दर हिवाळ्यात मी त्याच्यासमोर उभा राहतो. खुर्ची आहे, पण तिच्यावर फायली बसलेल्या. भरलेली बॅग पाठीला लावल्याशिवाय तो पेनाचं टोपण काढत नाही.

"पाठवरनी बॅग खाले ठेवानी नही भाऊ, मी लिखी ऱ्हायनू."

आणि लिहितो कसं, तर घरच्या लग्नाची पत्रिका असल्यासारखं, कोरून कोरून. मध्येच चहा, मध्येच मेव्हण्याचा फोन.

यंदा मी काठी गावापर्यंत तीन दिवसांची वाट आखली होती. विसाव्या मिनिटाला खांदे ओरडायला लागले, तशी मी बॅग हळूच त्याच्या टेबलाला टेकवली. त्याने मान वर केली नाही. फक्त तिसऱ्या दिवसावर काट मारली.

"दोन दिन बस शेतस."

"अहो, मी भूगोल शिकवतो!"

"ते गुडघास्ले सांगा," म्हणत त्याने शिक्का हाणला.

दोन दिवस मी त्याला शिव्या घालत चढलो आणि उतरलो. दुसऱ्या दुपारी, त्याने माझी वाट जिथे संपवली होती त्याच डांबरी रस्त्याच्या फाट्यावर बसलो, ते उठवेचना. वारा घ्यायला खिशातून परवाना काढला. मागच्या बाजूला त्याचं तेच कोरीव अक्षर होतं: "शहादा एसटी, चार वाजता. डावीकडे बसावे, ऊन लागत नाही."