कोरसमधले चौघे

आज बुधवार पेठेत गिटारची केबल घ्यायला गेलो होतो. दुकानात एक मुलगा नवा स्पीकर तपासून बघत होता आणि त्यावर त्याने चक्क आमच्या बँडचं गाणं लावलं होतं! नुकत्याच आलेल्या अल्बममधलं, बाजारातून गात गात गावाकडे परतणाऱ्या चार मित्रांचं.

मी यवतमाळचा, तोही तिकडचाच निघाला. गाणारा मीच, हे त्याला माहीत नव्हतं. शेवटचा कोरस आला तसा त्याने आवाज वाढवला.

"चारही जनं एकाच खोलीत बसून गायले असतीन, नाही भाऊ? मले आपले पोट्टे आठवले."

मी "हो" म्हणालो आणि केबल न घेताच बाहेर पडलो.

मंडळी, त्या कोरसमधले चारही आवाज माझेच आहेत. गाणं लिहिलं तेव्हा आम्ही बँडमधले चौघे खरंच एका खोलीत राहायचो. आता तिघे तीन शहरांत. डफ, ड्रम, बेस सगळं त्यांनी फोनवर पाठवलं, पण कोरसला कुणालाच वेळ जमेना. मग शनिवार पेठेतल्या माझ्या खोलीत मी एकटाच चार वेळा गायलो. कधी माइकजवळ, कधी दारापाशी उभा राहून, प्रत्येकाच्या ढंगात.

तेव्हा घरमालक काकांनी खालून विचारलं होतं, "अहो, गाताय की कुणाला हाका मारताय?"

फार राग आला होता. आज जिना चढताना त्यांना सांगून टाकलं, "काका, हाकाच मारत होतो."

काकांनी पेपर खाली केला. "मग? आलं का कुणी?"