मोतीबिंदू आणि सुभेदारसाहेबांचा हुकूम

आमच्या मांद्र्यात फौजेतून निवृत्त झालेले इतके, की चहाच्या गाड्यावर दगड मारला तर तो हवालदाराला लागून सुभेदारावर पडतो. मी त्यातला हवालदार. प्रत्येकाच्या खिशात माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड. ते दाखवलं की शहरातलं खासगी इस्पितळ बायकोवरही फुकट उपचार करायचं. मी ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं. देव सरकून बसले होते.

बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मासळीतले काटे तिला दिसेनात, माझा घसा आतून साळिंदर झाला. तिला घेऊन इस्पितळात गेलो, तर खिडकीवरची मुलगी म्हणाली, सरकारकडून बिलं चुकती होत नाहीत, कार्ड चालणार नाही. हिमालयात दाढीला बर्फ लटकवून उभा राहिलेला मी! (दाढी नव्हती, पण बर्फ होतं.)

शेजारच्या चोपडे गावातल्या आमच्या निवृत्त सुभेदारसाहेबांनी सगळ्यांना देवळाच्या मंडपात जमवून हुकूम दिला. कोणी सरकारी इस्पितळात जायचं नाही, पदरचे पैसे घालून ऑपरेशन करायचं नाही. एक दिवस सगळे आजारी घेऊन त्या इस्पितळाच्या दारात बसू. निम्मे बरे होऊन आले, तर बसणार कोण? दिवस मी कळवीन.

निवृत्त माणसाचा हुकूम कोण पाळतं? आम्ही. बायको म्हणायची, सरकारी इस्पितळात जाऊया. मी तिला फितुरीवर भाषण द्यायचो. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दिवस काही कळला नाही.

मग पेडण्याच्या बाजारात पलीकडच्या टोकावरून हाक आली, "भावजी, सदऱ्याचं बटण तुटलंय तुमचं." सुभेदारीणबाई! मोतीबिंदू तिलाही होता; चतुर्थीपूर्वी ही बाई विजेच्या खांबाला 'बसा' म्हणायची. तिनेच भोळेपणाने सांगितलं, मुलाने आखातातून पैसे पाठवले, त्याच इस्पितळात दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं.

मी तडक चोपडं गाठलं. साहेब सोप्यावर पेपर वाचत होते.

"हुकूम फौजींना होता, हवालदार," ते म्हणाले. "माझी बायको फौजी आहे का?"

"आणि माझी?"

"तू विचारलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने बायकोला सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाला, डावा डोळा होईल. उजव्यातला मोतीबिंदू फार पिकला, आतला दाब वाढून नस गेली. आधी आणायला हवं होतं. माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायची गावाला सवय आहे. यातलं काही वजा करू नका.

ऑपरेशननंतर साहेब केळी घेऊन भेटायला आले. त्यांना अंगणातूनच परत पाठवायचं ठरवून मी दारात उभा होतो. शिव्यासुद्धा ओळीने लावून ठेवल्या होत्या. ते पायरी चढले, आणि माझ्या टाचा आपसूक जुळल्या.

बायकोने उरल्या डोळ्याने माझ्या पायांकडे पाहिलं.

"आता खुर्ची तरी आणू नका," ती म्हणाली.