ड्रॅगनचं अंडं आणि माझा हातभार

चहाला उकळी येईपर्यंत माझा एक पराक्रम ऐका. हसायचं असेल तर खुशाल हसा. घरातले सगळे हसून झालेत, मीच एकटा अजून विचार करतोय.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मार्केट यार्डात चाळीस वर्षं पाठीवर पोती वाहिली. कांदा, बटाटा, गूळ, म्हणाल ते. मी बोलतो सावकाश आणि मला कळतंही सावकाश. अशा माणसाच्या ताब्यात त्या रविवारी कॉम्प्युटर आला!

माझी सून स्वप्नाली कंपनीत आठवडाभर कॉम्प्युटरवर काम करते. आणि रविवारी सुट्टी असते, म्हणून पुन्हा कॉम्प्युटरवरच खेळते. का, ते मला विचारू नका. मी काही सुट्टीच्या दिवशी गंमत म्हणून पोती उचलली नाहीत.

त्या खेळात जंगलं, गुहा, राक्षस, सगळं आहे. तिथे वीरा नावाची एक बाई आहे, तिला स्वप्नाली चालवते. टोळीत सहा जण. प्रत्येक जण आपापल्या घरी बसलेला, आणि कानाला यंत्र लावून खेळात जो जवळ येईल त्याच्याशी बोलायचं. मी शेजारी खुर्ची टाकून बघत बसायचो. कळत काही नव्हतं, पण पोरीला सोबत व्हायची.

टोळीचा म्होरक्या भार्गव. त्याला आता वेळ मिळेना, म्हणून नवा म्होरक्या निवडायचा होता. ठरलं असं, की जो ड्रॅगनचं अंडं आणेल तो म्होरक्या. ड्रॅगन म्हणजे पंख फुटलेली घोरपड हो, दोन एसट्यांएवढी! बाकीचे स्वप्नालीला म्हणाले, "ताई, तू छावणी सांभाळ. अंड्याचं आम्ही बघतो."

ते तिला लागलं. त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या.

मग तिने काय करावं? वीराची ढाल, तलवार, चिलखत, सगळं काढून छावणीत ठेवून दिलं.

"अगं, घोरपड खाईल ना तिला!"

"बाबा, चिलखताला वजन असतं. ते काढलं की तेवढा माल जास्त उचलता येतो. चावली तर सगळंच गेलं. नाही चावली तर अंडं आपलं."

हे मात्र मला पटलं. यार्डात आम्ही खिशातली किल्लीसुद्धा काढून ठेवायचो.

रविवारी दुपारी तिने ड्रॅगनपुढे मेंढा सोडला. ड्रॅगन खाण्यात गुंतला आणि वीरा गुहेत शिरली. बाहेर आली ती पाठीवर सोन्याची दोन पोती आणि वर अंडं घेऊन. पार वाकली होती, पाऊल उचलेना. कशीबशी एका धबधब्यामागे जाऊन लपली. पाच वाजता टोळी तिथे येणार आणि तिला सांभाळून छावणीत नेणार.

तेवढ्यात फोन आला. आमच्या विहीणबाई स्वारगेटला उतरल्या होत्या, सोबत दोन पिशव्या आणि लोणच्याची बरणी. रिक्षावाल्याशी त्यांचं आधीच वाजलं होतं.

"बाबा, आईला घेऊन येते. खेळ बंद केला तर वीरा तिथेच झोपते आणि दुसऱ्या टोळीतलं कोणीही येऊन लुटतं. तुम्ही नुसतं बसून राहा. परकं कोणी आलं तर हे बटण दाबा, ती सगळं घेऊन गायब होते." असं म्हणून तिने कपाळावरची लाल टिकली काढली आणि त्या बटणावर चिकटवली. "दुसऱ्या कशाला हात लावू नका हं."

"नाही लावत."

ती गेली. मी कानाला यंत्र लावून बसलो. समोर वीरा. वाकलेली, कण्हत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तुम्हीच सांगा, बघवतं का? ट्रक यायला उशीर असला तर कुठला हमाल भरल्या पाठीने उभा राहतो? आमचा मुकादम एवढा खडूस, पण तोही असं सांगत नव्हता. आणि ही तर पोरगी!

ओझं खाली ठेवायचं बटण मला माहीत होतं. छावणीत पोचल्यावर स्वप्नाली तेच दाबायची. दाबलं. दोन्ही पोती धप्पकन खाली, आणि अंडं त्यांच्या शेजारी. वीरा ताठ झाली, कमरेवर हात ठेवून तिने मोठा श्वास घेतला. इतकं बरं वाटलं मला!

आणि धबधब्यातून तिघे जण आत आले. माझं बोट टिकलीवर. पण त्यांनी चक्क वाकून नमस्कार केला! आता चोर कधी नमस्कार करतो का?

"कोण तुम्ही?" मी विचारलं.

"आँ? कोण बोलतंय?" पलीकडचा दचकलाच.

"मी स्वप्नालीचा सासरा. तुम्ही तिच्या टोळीतले ना? पाचला येणार होतात."

तिघे एकमेकांकडे वळले. मग एक जण म्हणाला, "हो काका. ट्रॅफिक नव्हतं, लवकर पोचलो."

"बरं केलंत. पोरगी दमली होती, मीच सगळं उतरवून ठेवलं."

"म्हणजे हे सगळं असंच खाली ठेवलंय?"

"मग? पाठीवर घेऊन उभी राहू दे का तिला?"

"नाही नाही, तुमचं अगदी बरोबर आहे काका!"

त्यांच्यात एक जण जोरजोरात खोकायला लागला. मी त्याला म्हटलं, बाबा, ओवा चावून खा, बरं वाटेल.

दोघांनी एकेक पोतं घेतलं. तिसरा अंड्याशी झटत बसला, पण त्याला ते काही उचलेना. कसं उचलेल? अंगावर हे एवढं चिलखत!

"ते काढ आधी," मी म्हटलं. "आमच्या स्वप्नालीची युक्ती आहे. आणि खाली बस, पाठ दे, मी हात लावतो. बटण कुठलं ते सांग."

त्याने सांगितलं, मी दाबलं. वीराने अंडं उचलून त्याच्या पाठीवर ठेवलं. तिघांनी पुन्हा नमस्कार केला.

"सावकाश जा रे!" मी म्हटलं. "शेवाळ असेल."

स्वप्नाली आली तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती. विहीणबाई चपला काढत होत्या आणि ही धावत आत.

"बाबा, अंडं?"

"तुझी माणसं आली होती, घेऊन गेली. एकाचं चिलखत राहिलंय बघ. गंजलंय, पण घासलं तर निघेल."

तिने माझ्या कानावरचं यंत्र काढून आवाज बाहेर सोडला, तेवढ्यात भार्गव बोलला. "ताई, आम्ही आलो. कुठे आहेस?"

ओरडली असती तर परवडलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "सॉरी रे. अंडं गेलं. माझं लक्ष नव्हतं."

माझं नाव घेतलं नाही हो पोरीने! मी पुढे वाकलो आणि सगळं सांगून टाकलं. वीराचं कण्हणं, नमस्कार, चिलखत, सगळं. माझ्या चालीने सांगितलं, त्यामुळे वेळ लागला.

"एक मिनिट काका," भार्गव म्हणाला. "चोराच्या पाठीवर अंडं तुम्ही चढवून दिलंत?"

"अरे, एकट्याने उचललं असतं तर कंबर धरली असती त्याची."

पाचही जण असे हसले, की विहीणबाई बरणी घेऊन बघायला आल्या.

शेवटी भार्गव म्हणाला, "ड्रॅगनच्या पुढ्यातून अंडं ताईने एकटीने काढलं. पुढचं काय झालं ते सोडा. म्होरकी तीच. फक्त पुढच्या रविवारी काकांना समोरच्या टोळीत पाठव. मग आपल्याला गुहेत शिरायचीसुद्धा गरज नाही."

स्वप्नालीसुद्धा हसली, डोळे पुसत. तिला हसताना बघून मलाही हुरूप आला.

"जातो की," मी म्हणालो. "पण त्यांच्याकडे ओझं उतरवायचं बटण हेच असतं ना?"