मामांचं टोचन

काल दुपारी आमचे मामा गेले.

मामा म्हणजे माझे सासरे. सून सासऱ्यासाठी इतकी का रडतेय, असं काल घरी जमलेल्या बायकांपैकी दोघी-तिघींनी कुजबुजत विचारलं. म्हणून इथं लिहितेय. एकदाच सांगते.

मामा पाण्याचा टँकर चालवायचे.

त्यांच्या वडिलांनी पडेगावच्या माळावर मेंढरं चारली. मामांनी त्याच माळावरून टँकर नेला. आता तिथं प्लॉट पडलेत आणि त्यातल्याच एका प्लॉटवर आम्ही भाड्याने राहतो. हे सांगताना मामा हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

दुष्काळाची वर्षं होती. मामा दिवसभर गावोगाव पाणी पोचवायचे आणि आमच्या घरचे ड्रम कोरडे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यावरून त्यांना येता-जाता टोमणे मारायच्या.

त्याच उन्हाळ्यात मी घरात कॉम्प्युटर घ्यायचा हट्ट धरला.

पुण्याची एक कंपनी घरबसल्या मराठी टायपिंगचं काम देणार होती. त्याआधी ऑनलाइन परीक्षा. लग्नानंतर काम मिळवायच्या माझ्या बऱ्याच खटपटी फसल्या होत्या. ही शेवटची, हे नाही जमलं तर गुमान घर सांभाळायचं, असं आत्यांनी बजावलं होतं.

आणि मी कबूल झाले होते.

संतोषने, माझ्या नवऱ्याने, एकेक पार्ट आणून कॉम्प्युटर स्वतः जोडला. कॅबिनेट नवं, मॉनिटर सेकंडहँड. स्क्रीन उजळली तेव्हा आम्ही शेजारी पेढे वाटले.

इंटरनेट मात्र चालेना.

वायर लावलेली, राउटरचे दिवे लुकलुकतायत, आणि स्क्रीनवर नेटवर्कच्या जागी लाल फुली.

परीक्षेच्या दिवशी संतोष कंपनीत शिफ्टला. जाताना सांगून गेला, नेटवर्कचा ड्रायव्हर टाकायचा राहिलाय, सीडी खोक्यात आहे, तेवढी टाक.

सीडी होती. आमच्या नव्याकोऱ्या कॅबिनेटला सीडी घालायची जागाच नव्हती.

मग ड्रायव्हर नेटवरून डाउनलोड करावा, तर नेट नाही. नेटला ड्रायव्हर पाहिजे, ड्रायव्हरला नेट पाहिजे. मी रडकुंडीला आले.

मामा तेव्हा जेवायला घरी आले होते. मागे येऊन उभे राहिले. काय म्हणतंय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, ड्रायव्हर नाही म्हणतंय.

"डायवर नाय? मंग मी कोन हाय?"

मी चिडूनच सांगितलं, हा ड्रायव्हर वेगळा. कॉम्प्युटरला स्वतःचेच पार्ट ओळखता यावेत म्हणून टाकायचा प्रोग्राम असतो तो. मामांनी ऐकून घेतलं. पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मी माझ्या साध्या फोनवरून संतोषला गाठलं. तो घाईत म्हणाला, नेटवाला फोन चार्जरच्या वायरने कॉम्प्युटरला जोड, सेटिंगमध्ये जाऊन टेदरिंग चालू कर, फोनचं नेट मिळेल.

घरात नेटवाला फोन एकच, मामांचा. प्रत्येक खेपेचा फोटो ठेकेदाराला पाठवावा लागायचा, म्हणून घेतलेला. तो मागायची माझी हिंमत होईना. नुसतं काय करायचं असतं ते सांगितलं.

मामांना एकदम उमजलं.

"म्हंजी टोचन!"

टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेणं. ड्रायव्हर लोकांचा शब्द. मामांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला आणि चपला घालायला लागले.

मी म्हटलं, मामा, फोटो कसे पाठवाल? गावातून फोन येतील त्याचं काय?

"वाजू दे. पाणी काय फोनातून जातंय व्हय? मी नेतो. तू तुझी गाडी ओढ."

परीक्षा सुरू झाली. मध्येच फोन वाजायचा आणि वाजला की नेट तुटायचं. कुठल्या तरी गावची माणसं टँकर कुठवर आला विचारत असणार, हे मला कळत होतं. मी उचलला नाही.

पास झाले.

संध्याकाळी कळलं, ठेकेदाराने मामांना चारचौघांत झापलं होतं. फोन घरीच विसरला, असं सांगून मामा मोकळे झाले. घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही, आधी विचारलं, ओढली का?

ड्रायव्हर मग संतोषने मित्राच्या पेन ड्राइव्हवर आणून टाकला. फुली गेली. पण आमच्या घरात अजूनही हॉटस्पॉटला टोचनच म्हणतात. आत्यासुद्धा.

ते काम मी आजही करते.

पुढे मामांची नजर अधू झाली, टँकर सुटला. तेव्हापासून ते माझ्या मागे खाटेवर बसून असायचे. आल्यागेल्याला दबक्या आवाजात सांगायचे, हळू बोला, सून कामावर हाय.

कामावर.

घरात बसून काम करणाऱ्या बाईला हा शब्द कुणी देत नाही हो.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. का, ते सगळ्यांनाच कळलं होतं.

काल दुपारी मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांनी विचारलं, कामावर का गेली नाहीस? मी म्हटलं, आज सुट्टी घेतलीय.

"नगं. जा, बस. तुझं टकटक ऐकलं की झोप लागती मला."

मी उठले, कॉम्प्युटर लावला. काम उघडलंच नाही. कोऱ्या पानावर हाताला येईल ते टाइप करत राहिले, त्यांना झोप लागावी म्हणून.

बऱ्याच वेळाने संतोष मागे येऊन उभा राहिला. "थांब आता," म्हणाला.

मला थांबता येईना.

मामा, निवांत झोपा.

तुमच्या सुनेचा शेवटचा नमस्कार.