चौथ्या वळणावरचं पिवळं उपरणं

मोटरसायकलच्या शर्यतीत मी सहा वर्षं उभा आहे. उभा म्हणजे शब्दशः उभा. मला मोटरसायकल चालवता येत नाही. स्कूटर येते, तीसुद्धा ही मागे बसलेली असली की तिच्या सूचनांवर चालते. ही म्हणजे माझी बायको.

माझं काम वेगळंच आहे. रामकुंडावर आमच्या घराण्याचं पौरोहित्य. अस्थिविसर्जन, दहावं, तीर्थश्राद्ध. सकाळी सहाला पाट मांडायचा आणि दुपारी गुडघे धरून उठायचं. गुडघे आता उठायच्या वेळी आधी विचार करतात. सुट्टी अशी नसतेच, कारण लोक वार बघून मरत नाहीत. फक्त वर्षातले दोन रविवार मी भावाला कुंडावर बसवतो आणि इगतपुरीच्या रस्त्याला जातो. तिथे एका माळावर कारखान्यांसाठी प्लॉट पाडले होते. डांबरी रस्ते झाले, दिव्यांचे खांब झाले, पण कारखाने काही आले नाहीत. त्या रिकाम्या रस्त्यांवर, पोलिसांची परवानगी काढून, दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या आधी एकदा शर्यत होते.

पहिल्यांदा गेलो तो पूजेला. गाड्यांना गंधफूल, नारळ, आरती, असं सगळं यथासांग झालं आणि मी निघालो, तर तिथले प्रमुख आडवे आले. हे गृहस्थ आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, "गुरुजी, दोन तास थांबता का?" मला वाटलं जेवायला थांबवतायत. मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या हातात एक पिवळा झेंडा दिला आणि चौथ्या वळणावर नेऊन उभं केलं, कारण तिथला माणूस आला नव्हता. जेवण म्हणजे दोन थंड वडापाव होते. पुढच्या वेळी मी कोणी न बोलावता गेलो. का, ते मला अजून हिला समजावता आलेलं नाही.

काम सोपं आहे. प्रत्येक वळणावर दोन माणसं. एकाच्या हातात झेंडा. त्याने येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभं राहायचं. दुसऱ्याने वळणाच्या पुढचं बघायचं, आणि कोणी पडलं की रस्त्यावर उतरून त्याला आणि त्याच्या गाडीला बाजूला ओढायचं. पहिल्याने तेवढा वेळ पिवळा झेंडा हलवायचा. पिवळा हलला म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणी कोणाला ओलांडू नका. वळणापलीकडचं चालवणाऱ्याला दिसत नाही. त्याला फक्त झेंडा दिसतो. रस्त्यावर उतरलेल्या माणसाचा जीव त्या कापडावर असतो.

यातला मोठा नियम असा की, झेंडेवाल्याने काहीही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. मागे कितीही आरडाओरडा होवो, नजर येणाऱ्या गाड्यांवर. मला हा नियम ऐकून हसू आलं. मी रोज घाटावर लोकांना हेच सांगतो, पिंड सोडलात, आता निघा आणि मागे वळून बघू नका. सगळे माना डोलावतात. आणि पाचव्या पायरीवर गेले की वळून बघतात. एकजण तर फोटो काढायला परत आला होता.

दुसरा नियम कपड्यांचा. वळणावर उभ्या माणसाच्या, म्हणजे मार्शलच्या, अंगावर पिवळं किंवा लाल काही नको. लांबून झेंडा समजतात. याची लेखी परीक्षा झाली होती आणि या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. हे मुद्दाम सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळीनंतरची शर्यत. त्या रविवारी भाऊ तापाने पडला, म्हणून सकाळचं एक दहावं मलाच करावं लागलं. पांढरं उपरणं ओलं होतं, तेव्हा एका यजमानाने दिलेलं पिवळं खांद्यावर टाकून निघालो. ही म्हणाली, "दहाव्याला पिवळं? शोभतं का ते?" मी म्हणालो, मेलेला माणूस रंग बघत नाही. दहावं आठला आटपायला हवं होतं, पण कावळा शिवेना. मुलाने शब्द दिला, बहिणीला सांभाळीन. शिवला नाही. सुनेने शब्द दिला. शिवला नाही. झाडावर बसून कावळा नुसता आमच्याकडे बघतोय. शेवटी धाकट्या भावाने ट्रॅक्टरबद्दल काहीतरी कबूल केलं आणि कावळा उतरला, तेव्हा साडेनऊ झाले होते. मी भाड्याच्या गाडीतच धोतर सोडून पँट चढवली, वरून मार्शलचं पांढरं जाकीट घातलं आणि धावतपळत चौथं वळण गाठलं. उपरणं गळ्यात तसंच, जाकिटाच्या आत.

शेवटची फेरी होती. ऊन चढलेलं, मी जाकिटाची चेन उघडली. मानेला घाम, म्हणून उपरणं ओढून काढलं आणि झटकलं. घाटावर मी दिवसातून पन्नास वेळा उपरणं झटकतो. दोन टोकं धरून दोन झटके, मग घडी. हात आपोआप करतात, डोक्याला विचारत नाहीत. अहो, पण मी घाटावर नव्हतो. समोरून सगळ्यात पुढे येत होता सत्तावीस नंबर.

आमच्याकडे सगळ्यांना गाडीच्या नंबरानेच ओळखतात. सत्तावीस म्हणजे अंबडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा, तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने पिवळं हललेलं बघितलं, एक्सलेटर सोडला आणि डावा हात वर केला, म्हणजे मागच्यांना इशारा. मागचे तिघे त्याला ओलांडून सुसाट निघून गेले. पुढे रस्ता रिकामा. कोणी पडलेलं नाही, काही नाही. सत्तावीस चौथा आला.

त्या वर्षी पहिल्या येणाऱ्याला दक्षिणेतल्या मोठ्या ट्रॅकवर, कंपनीच्या गाडीवर चाचणीसाठी बोलावणार होते. त्याच्या वयात असं बोलावणं दुसऱ्यांदा येत नाही. तो हेल्मेट काखेत धरून चालत माझ्यापाशी आला. मी उपरणं पाठीमागे लपवलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, चोरून बोरं खाल्लेल्या पोरासारखा उभा. त्याने टोक बाहेर लोंबताना बघितलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "लय वाटोळं केलं तुम्ही माझं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी प्रमुखांकडे जाऊन सगळं कबूल केलं. निकाल बदलता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्यांनी ओलांडलं ते तिघे म्हणाले, आम्हाला ते उपरणंच आहे हे कळलं होतं. कळलं असेल. मला लाज वाटली, आणि ती रात्री जेवताना, सकाळी संकल्प सांगताना, अशी कुठेही वाटत राहिली. सत्तावीसच्या वर्कशॉपच्या दारात मी दोनदा माफी मागायला गेलो. दोन्ही वेळा तो म्हणाला, "असू द्या गुरुजी," आणि मशीन चालू केलं. त्या आवाजात पुढचं बोलता येत नाही.

पुढच्या शर्यतीला मला पार्किंगला ठेवलं. ते ठीकच होतं. पण त्यानंतर वळणावर परत घेतलं तेव्हा खरी गोष्ट समजली. पोरं चहाच्या टेबलाशी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "चौथ्याला पिवळं दिसलं तर आधी नीट बघा रे, झेंडा हाय का उपरणं." सगळे हसायचे. मीही हसायचो. मग प्रमुखांनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी, ही गंमत नाही. त्यांनी बघायला एक सेकंद जरी घेतला ना, तर आपला रस्त्यावरचा माणूस गेला." मी म्हणालो, मग मला काढा. ते म्हणाले, "काढलं तर चौथ्यावर उभं कोणाला करू? माणसं आहेत कुठे?"

घरी येऊन हे सगळं हिला सांगितलं. ही पोस्टात होती, नुकतीच निवृत्त झालेली. म्हणाली, "मी येते. तुमच्या अंगावर काय आहे ते बघायला कोणीतरी पाहिजेच." मला वाटलं, बोलण्यापुरतं. तिने परीक्षा दिली आणि माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवले, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. ती रोज गोदापार्कवर पाच किलोमीटर चालते. माझे गुडघे पाटावर गेले. त्यामुळे कामाची वाटणी ठरलेलीच होती. झेंडा माझ्याकडे आणि कोणी पडलं तर रस्त्यावर ती. पहिल्या दिवशी तिने माझे खिसे तपासले. हातरुमाल पिवळट वाटला म्हणून काढून घेतला.

या वर्षीची होळीआधीची शर्यत. माळावर वारा, रस्त्यावर माती उडून आलेली. दुपारची मोठी शर्यत, पाचवी फेरी. कळवणची एक मुलगी, अकरा नंबर, सगळ्यांच्या पुढे होती. मला ओलांडून वळणात गेली आणि मागे फरफटल्याचा आवाज आला. लोखंड डांबरावर घासतं तो आवाज एकदा ऐकला की पुन्हा विचारावं लागत नाही. मी झेंडा वर केला आणि हलवायला लागलो. मागून ही ओरडली, "पोरगी मधोमध आहे हो! मी जातेय!"

आणि ती गेली. बुटांचा आवाज लांब गेला, मग थांबला. "ऊठ गं, ऊठ, हात दे" असं काहीतरी ऐकू आलं, आणि मग "अगं बाई, पाय अडकलाय." माझी बायको भर रस्त्यात, एका आडव्या गाडीपाशी, वाकलेली. तिच्याकडे तोंड करून बघायची मला बंदी. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की मागे बघू नका, आणि बघणाऱ्यांवर वैतागत आलो. त्या दिवशी मान कशी आपोआप वळायला लागते ते कळलं. मी दातओठ खाऊन ती सरळ ठेवली. देवाशप्पथ सांगतो, मला भीती वाटली. इतकी भीती मला माझी आई गेली तेव्हाही वाटली नव्हती.

समोर सरळ रस्त्यावर गाड्यांचा घोळका वळला. सहा-सात असतील. सगळ्यात पुढे सत्तावीस.

मी दोन्ही हातांनी झेंडा हलवत होतो. तोंडाने काय म्हणत होतो ते आठवत नाही. ही म्हणते, मी ओरडत होतो, "झेंडा आहे! झेंडा आहे!" हेल्मेटमध्ये हे कोणाला ऐकू जाणार? पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. याच माणसाने याच जागी माझं पिवळं मानलं होतं आणि त्यात त्याचं सगळं गेलं होतं. आता त्याने एक सेकंद थांबून बघितलं, नीट खात्री करून घेतली, तर त्याला दोष कोण देणार? मीच शिकवलं होतं त्याला तसं.

तो ताठ बसला. इंजिनाचा आवाज खाली आला. डावा हात वर गेला. मागच्यांना रस्ताच नव्हता, तो मधोमध धरून चालला होता. सगळे त्याच्यामागे, बाजारातून भाजी घेऊन निघाल्यासारखे, माझ्यासमोरून वळणात गेले. मी मागे बघितलं नाही. मोजत राहिलो. एकही आदळल्याचा आवाज आला नाही. मग हिचा आवाज आला, "झालं हो! बाजूला आलो!"

मुलीचं मनगट मोडलं होतं, बाकी ठीक. तिला रुग्णवाहिकेत बसवून ही परत आली, तेव्हा तिच्या कोपराला खरचटलं होतं आणि केसांत माती होती. मला म्हणाली, "आधी पाणी प्या." शर्यत पुढे चालू राहिली. रस्ता मोकळा झाल्यावर, सत्तावीसने पुन्हा वेग धरायच्या आत, एकाने त्याला ओलांडलं आणि तो दुसरा आला.

संपल्यावर तो चालत आमच्या वळणावर आला. तसाच, हेल्मेट काखेत. माझ्याकडे न बघता हिला म्हणाला, "काकू, लागलं नाय ना?"

"नाही रे बाबा. तू थांबलास म्हणून."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे, माझ्या झेंड्यावर तू विश्वास कसा ठेवलास? मी तुला एकदा असा..."

त्याला प्रश्नच कळला नाही. कपाळाला आठ्या घालून त्याने माझ्याकडे बघितलं. "विश्वास कसला गुरुजी? पिवळं दिसलं, सोडला एक्सलेटर. पलीकडे कोण हाय ते मला थोडंच दिसतं. मागल्या टायमाला पण सोडलाच व्हता की."

मला तेव्हा कुठे उजेड पडला. इतकी वर्षं मी त्या तिघांचं नाव काढलं नव्हतं. त्यांनीही त्या दिवशी पिवळं बघितलंच होतं, आणि ते निघून गेले होते. आज त्यांच्यातला कोणी पुढे असता तर ही माझ्याशी बोलत उभी नसती. हा एकटा थांबला होता, दोन्ही वेळा, आणि दोन्ही वेळा थांबला म्हणून हरला होता.

मी त्याच्या पाया पडायला वाकलो. विचार करून नाही, तेही हातापायांनी आपोआप केलं. रोज शेकडो माणसं माझ्या पाया पडतात, मी कोणाच्या पडल्याला बरीच वर्षं झाली. गुडघ्यांनी मला अर्ध्यातच अडकवलं. खालीही जाता येईना, वरही येता येईना.

"अहो गुरुजी, काय करताय हे उलटं!" तो घाबरून ओरडला. त्याने एका बाजूने धरलं, हिने दुसऱ्या. दोघांनी मिळून मला सरळ केलं. त्याचा हात काळ्या ऑइलचा होता, तो माझ्या पांढऱ्या जाकिटावर उमटला. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, गुरुजींचं काहीतरी खाली पडलंय. दोघं-तिघं शोधायला मदत करायलाही आले.